गॅप आहे, वय झालंय, तरी अमेरिकेतल्या फास्ट नर्सिंग कोर्सला नंबर लागेल का?

"मॅडम, माझं बीएस्सी वेगळ्याच विषयात झालंय, मधे गॅप आहे, तिकडच्या त्या सव्वा-दीड वर्षाच्या नर्सिंग डिग्रीला मला घेतील का?" हा प्रश्न मला हल्ली बऱ्याचदा विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक आपल्या खान्देशातल्याच पोरी, जळगाव, भुसावळ, फैजपूर, शहादा इकडच्या, लग्न होऊन अमेरिकेत गेलेल्या, नवरा आयटीत आणि ह्या एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसासोबत बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर घरात. ह्या व्हिसावर शिकता येतं, पण ईएडी नावाचं वर्क परमिट हातात येईपर्यंत नोकरी करता येत नाही, म्हणून शिकूया असं डोक्यात येतं आणि ते बरोबरच आहे.

आधी कोर्सबद्दल थोडं सांगते. ज्यांच्याकडे नर्सिंग सोडून दुसऱ्या कुठल्या विषयातली डिग्री आहे त्यांच्यासाठी तिकडे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन म्हणजे नर्सिंगची फास्ट बॅचलर डिग्री असते, साधारण ११ ते १८ महिन्यांची, ती झाली की एनसीएलएक्स-आरएन परीक्षा द्यायची आणि मग लायसन्स. सुट्ट्या जवळपास नाहीत, थिअरी आणि हॉस्पिटलची ड्युटी सोबतच चालते, जागा कमी आणि अर्ज भरपूर. आपल्याकडे असं काही नाही हेही सांगून ठेवते, कारण इथलेही ग्रॅज्युएट विचारतात. इथे बीएस्सी नर्सिंग म्हणजे सीईटी देऊन चार वर्षं, आणि पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांसाठी आहेत. कोणी एजंट तुम्हाला वर्षभरात नर्सिंगची डिग्री देतो म्हणाला तर पैसे भरायच्या आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे त्या कॉलेजची चौकशी करा.

आता केस. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. भुसावळकडची पोरगी, आपल्या विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, ६१ टक्के, वय ३१, पदरात चार वर्षांची मुलगी. आखाजीला माहेरी आली होती, आईला सोबत घेऊन माझ्याकडे आली. सगळ्या मार्कशीट रबर लावून एका पिशवीत, आणि एक वही, त्यात तिने इंटरनेटवरून कोणाकोणाला किती जीपीएला (तिकडचे चारपैकी धरलेले सरासरी ग्रेड) अ‍ॅडमिशन मिळाली ते लिहून काढलेलं, ३.८, ३.९, ३.७, आणि शेवटी स्वतःचे ६१ टक्के लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या. बोलताना दर दोन वाक्यांनी "मी आधीच मागे पडलेय", "आता वेळ घालवून चालणार नाही", "एकदाच ट्राय करणार, नाही झालं तर सोडून देणार" हेच येत होतं.

मी विचारलं गॅपमध्ये काय केलं. म्हणे काही नाही, घरीच होते. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली आई एकदम बोलली, "काही नाही कसं? बापाचं सगळं हिनेच तं केलं ना."

वडलांच्या किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ग्रॅज्युएशननंतरची ती वर्षं ह्या पोरीने त्यांच्यासोबत काढली होती. मी खोदून विचारत गेले तसं एकेक बाहेर आलं. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजूनच द्यावं लागतं, म्हणून वडलांचं दिवसभराचं पाणी ती सकाळीच मोजून बाटलीत भरून ठेवायची, भुसावळच्या मे महिन्यात माणूस पाण्यासाठी तडफडायचा तेव्हा बर्फाचा एक छोटा खडा तोंडात ठेवायला द्यायची आणि तोही दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात मोजायची. डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन दर वेळी एका कॅलेंडरवर. हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवून आत रक्त वाहतंय ह्याची थरथर लागतेय का ते सकाळ-संध्याकाळ बघायची, तिथल्या सिस्टरने शिकवलं होतं, आणि एके दिवशी थरथर लागेना तेव्हा तिने सकाळपर्यंत वाट न बघता रात्रीच फोन केला आणि वडलांना घेऊन गेली. हे सगळं ती "घरीच होते" ह्या दोन शब्दांत संपवत होती! आपल्याकडे लेकीने, सुनेने घरातल्या आजाऱ्याचं केलं तर ते काम म्हणून कोणी धरतच नाही, ती स्वतःही धरत नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

पण तेवढ्यावर मी तिला अर्ज भर म्हटलं नाही. वडील गेलेत, आणि माणूस गेल्यावर त्याच्यासाठी काहीतरी करायचं म्हणून पण लोक नर्सिंगकडे वळतात, ते दुःख घेऊन रोज बारा तास वॉर्डात उभं राहणं जड जातं. म्हणून सरळ विचारलं, हे बाबांसाठी करतेयस का? खूप वेळ रडली. मग म्हणाली, सुरुवात तिथूनच झाली, पण ती सिस्टर मशीन लावताना सगळं कसं बघायची ना, ते मला यायला पाहिजे असं तेव्हाच वाटायचं. हे उत्तर मला खरं वाटलं. तरी सांगितलं की परत गेलीस की जवळच्या हॉस्पिटलात आधी व्हॉलंटिअर म्हणून काम कर, अनोळखी पेशंटसोबत कसं वाटतं ते बघ.

मार्कांचं कोडं त्यामानाने सोपं निघालं. आपले ६१ टक्के म्हणजे तिकडचे ६१ नव्हेत, तिकडच्या मूल्यांकन संस्था एकेक विषय बघून ग्रेड लावतात आणि आपल्या फर्स्ट क्लासला चांगली ग्रेड देतात. फक्त त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत उतारा लागतो, तो मी तिला माहेरी आहेस तोवरच काढायला लावला, तिकडे बसून फोन करण्यापेक्षा इथे स्वतः जाऊन पाठपुरावा केलेला बरा. खरी मेहनत आधी कराव्या लागणाऱ्या विषयांची आहे. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, मानवी विकासाचं मानसशास्त्र असे विषय बहुतेक ठिकाणी मागतात, आणि कित्येक कॉलेजं सायन्सचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतलेच धरतात, म्हणजे तिची मायक्रोबायोलॉजी असूनसुद्धा परत करावी लागणार होती. ते कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात होतं, त्यात कमी खर्च, आणि तिथे मिळालेले ताजे ग्रेड तिच्या अर्जाला जुन्या मार्कशीटपेक्षा जास्त कामाचे. शिवाय काही कॉलेजं टीस (TEAS) ही प्रवेश परीक्षा मागतात, १७० प्रश्न, २०९ मिनिटं, वाचन, गणित, सायन्स, इंग्रजी.

हे ऐकून तिचा चेहराच पडला. "म्हणजे अजून एक वर्ष गेलं."

इथे मी जरा कडक बोलले. म्हटलं, तुला नर्स व्हायचंय का गेलेली वर्षं भरून काढायचीत? कारण फास्ट कोर्स निवडायचा का नाही हे तुझं वय ठरवत नाही, तुझं घर ठरवतं. सकाळी साडेसहाला तू हॉस्पिटलात, पोरीला शाळेत कोण सोडेल, ती तापली तर कोण थांबेल, आठवड्याची परीक्षा आणि नवऱ्याचा रिलीज एकाच दिवशी आला तर काय. ह्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं, तो बिचारा चांगला होता, "मी करीन ना मॅनेज" म्हणाला, मी म्हटलं वार लावून सांगा, सोमवारी काय, मंगळवारी काय. तेव्हा लक्षात आलं की आठवड्यातले दोन दिवस कोणीच नाही. सासूबाई सहा महिने येतील असं निघालं, पण मग पुढचं काय.

म्हणून ठरलं की दोन अर्ज फास्टला आणि सोबत एक नेहमीच्या गतीच्या बीएसएनला, आणि कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची नर्सिंग डिग्रीही डोळ्यासमोर ठेवायची, त्यानेही एनसीएलएक्स देता येते आणि बीएसएन नंतर पूर्ण करता येतं. एकदाच ट्राय करणार ही भाषा मी तिला सोडायला लावली, कारण जागा मर्यादित असल्या की पात्र लोकांनाही नकार येतो.

अर्जासोबतच्या निबंधाचा पहिला ड्राफ्ट तिने पाठवला तो "लहानपणापासून मला सेवेची आवड" असा सुरू होत होता. मी परत पाठवला, म्हटलं फिस्टुलाची ती रात्र लिही, तू काय बघितलंस, काय ठरवलंस, कोणाला फोन केलास, आणि रडण्याचं दोन ओळींच्या वर नको.

विषय करायला तिला तीन सेमिस्टर लागले. अ‍ॅनाटॉमीत ए मिळाला तेव्हा रात्री बाराला मला मेसेज आला होता. दोन फास्ट कोर्सपैकी एकाने नकार दिला, एकाने वेटिंग लिस्टवर ठेवलं, नेहमीच्या कोर्सला मिळालं, आणि वेटिंगची वाट न बघता तिने तेच घेतलं. ती अजून शिकतेय. आई परवा भेटल्या, विचारत होत्या, "मॅडम, ते कपडे हॉस्पिटलवाले देतात का इच्याच पैशाने घ्या लागतात?" स्वतःच्याच घ्यावे लागतात, मी सांगितलं, तर म्हणाल्या मग दोन जोड मी पाठवते पैसे.