सासर माणमध्ये, माहेर आटपाडीत : बाळंतपणाचे सरकारी पैसे अडकतात कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बहिणीचं सासर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. सातवा लागल्यावर ओटी भरून पहिल्या बाळंतपणाला तिला सांगली जिल्ह्यात, आटपाडीला आणलं. नाव सासरी नोंदवलंय, पण पाच हजारांतला रुपयाही आलेला नाही. आणि शेजारीपाजारी सांगतात, "सरकारीत गेलं तरी पंधरा-वीस हजार जातातच." मी आधी खटाव आणि मग माणमध्ये मिळून अठ्ठावीस वर्षं आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. तुम्ही आधी पाच हजारांचं विचारलंत, म्हणून तिथूनच सुरू करते. खरा पैसा मात्र दुसरीकडे आहे.

पाच हजार म्हणजे प्रधानमंत्री मातृ वंदना योजना. 2017 ला सुरू झाली तेव्हा तीन हप्ते होते, आता पहिल्या बाळाला दोन : 3000 आणि 2000. पहिला हप्ता नाव वेळेत नोंदवून किमान एक तपासणी झाल्यावर, दुसरा बाळाचा जन्म नोंदवून साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी झालं तर एकरकमी 6000. दारिद्र्यरेषेचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यांतलं काहीतरी एक लागतं. सरकारी नोकरी असेल तर नाही. गंमत बघा, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात बाळंतिणीला "किमान सहा हजार" लिहिलेत. जननी सुरक्षा, म्हणजे दवाखान्यात बाळंत होण्यासाठी पैसे देणारी वेगळी योजना, तिचे मिळून सहा होतात, असा हिशोब वरचे लोक मांडतात. पण आपल्या राज्यात जननी सुरक्षा फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना, आणि तेही गावाकडे 700 रुपये. मग सहा झाले कुठून? असो.

बहिणीचे पैसे अडकलेत ते बहुतेक बँकेत. अर्जात पासबुक कुठलंही जोडा, पैसे जातात ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. माझ्याकडची एक मुलगी सात महिने रोज आशाताईला बोल लावत होती. शेवटी कळलं, पैसे कधीच आलेत, पण अकरावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यात. ते खातं माहेरच्या नावावर आणि पासबुक माळ्यावरच्या पेटीत. तर आधी बँकेत जाऊन "आधार कुठल्या खात्याला जोडलंय" एवढंच विचारा. मग आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळतंय का बघा. लग्नानंतर निम्म्या बायांचं ते जुळत नाही. ते दुरुस्त केल्याशिवाय आशाताईशी भांडून उपयोग नाही, तिच्या हातात काहीच नसतं. जिल्हा बदलला म्हणून हक्क जात नाही. माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक बरोबर ठेवा, आटपाडीच्या आशाताईला दाखवा, पुढच्या तपासण्या त्याच कार्डावर लिहून घ्या. नवीन कार्ड काढू नका, एका बाईची दोन नावं झाली की दोन्ही अडकतात. कराडकडे हंगामात ऊसतोडीला आलेल्या बायांचं हेच होतं. कार्ड बीडला ट्रंकेत आणि पोट इथं फडात.

आता खरा पैसा. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात दारिद्र्यरेषा वगैरे काही नाही, सरकारी दवाखान्यात येणारी प्रत्येक बाई त्यात बसते. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, लघवीच्या आणि रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळं फुकट. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि बाळ घेऊन परत घरी, गाडीही फुकट. आजारी बाळाचा खर्च सुरुवातीला महिनाभर धरला होता, पुढे तो वर्षापर्यंत नेला. खासगीत सिझेरियनचं बिल किती होतं ते तुम्हीच बघा आणि पाच हजारांशी ताडून बघा.

मग वीस हजार जातात कसे? तर दवाखान्यात औषध संपलेलं असतं आणि कुणीतरी चिठ्ठी लिहून देतं. हा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, साठ टक्के केंद्राचा आणि चाळीस राज्याचा, आणि वरून खाली झिरपता झिरपता दिवाळी ओलांडते. मग मार्चएंडला एकदम खर्च करा म्हणून फोन. मी होते त्या एका आरोग्य केंद्रात जेवण बचत गटाच्या बायका करून द्यायच्या. माणशी दिवसाला शंभर रुपये दर होता. चार महिने बिल थकलं तेव्हा त्यांनी डबा बंद केला. त्यांची तरी काय चूक? बाळंतिणीला घरून भाकरी यायची आणि कागदावर मात्र जेवण चालू. हे मी पाहिलंय, सही करायला मला सांगितलं होतं, मी केली नाही. त्यावरून झालेला त्रास इथे लिहीत नाही.

पण चिठ्ठी हातात पडली की लगेच मेडिकलकडे पळू नका. प्रत्येक केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे अडीनडीच्या खर्चाला निधी असतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना शांतपणे म्हणा, "साहेब, जननी-शिशुमध्ये हे आम्ही आणायचं का, की समितीतून घ्याल?" आवाज चढवला की दारं बंद होतात, योजनेचं नाव घेतलं की पुष्कळदा उघडतात. तरीही आणावं लागलंच तर चिठ्ठी आणि पक्कं बिल जपून ठेवा.

एक गोष्ट आत्ताच करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी असते, तिला तिथे न्या. हिमोग्लोबिन, बीपी, बाळाची स्थिती बघून घ्या आणि तिथेच विचारा : गरज पडली तर सिझेरियन इथे होईल, की सांगली-मिरजेला जावं लागेल? भूल देणारे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात? आटपाडीहून मिरज जवळ नाही. रात्री दोनला हा प्रश्न पडू नये. 102 आणि 108 हे सरकारी रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला, तिच्या सासूबाईंच्याही. परतीच्या गाडीचं डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर जीपवाला हजार-बाराशे घेतो.