मावळंकर ‘सभापती’ नव्हते

प्रश्न : ‘लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर’ असं वाचलं. सभापती की अध्यक्ष?

अध्यक्ष. दर अधिवेशनात बातम्यांमधून हा घोळ ऐकून कान किटले आहेत. संविधानाच्या कलम ९३ नुसार लोकसभेला अध्यक्ष, कलम ८९ नुसार राज्यसभेला सभापती. आपल्या विधानसभेतही ‘अध्यक्ष महाराज’ म्हणतात, विधान परिषदेत ‘सभापती महोदय’. पंचायत समितीपासून बाजार समितीपर्यंत जिकडेतिकडे सभापतीच असल्यामुळे तो शब्द पटकन तोंडी येतो. शिवाय अध्यक्षांच्या गैरहजेरीत कामकाज चालवणारा तालिकेवरचा सदस्य आसनावर बसला की लोकसभेतही हिंदीत ‘सभापति महोदय’ म्हणतात.

‘दोन्ही एकच’ म्हणणाऱ्या पंडितांनी कलम ९२ आणि ९६ शेजारीशेजारी ठेवावीत. पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला की दोघांनाही आसन सोडावं लागतं. पण लोकसभेचा अध्यक्ष सदस्य असतो, त्याला मत देता येतं (समसमान मतं पडल्यावरचं निर्णायक मत मात्र नाही). राज्यसभेचा सभापती म्हणजे उपराष्ट्रपती. तो सदस्यच नाही, म्हणून बोलू शकतो, मत नाही. मावळंकरांवर असा ठराव डिसेंबर १९५४ मध्ये आला आणि फेटाळला गेला. अध्यक्षपदाच्या निवडणुका मात्र त्यांनी अटीतटीची आणि एकतर्फी अशा दोन्ही तऱ्हेच्या पाहिल्या : १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात कावसजी जहांगीरांवर अवघ्या तीन मतांनी मात, तर १५ मे १९५२ ला शंकरराव मोऱ्यांविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५.

आता खरी गंमत. अध्यक्ष म्हणजे अधि + अक्ष. हा अक्ष गाडीचा आस नव्हे, काही जण ठासून सांगत असले तरी! प्रत्यक्ष, गवाक्ष, सहस्राक्ष यांत आहे तोच, म्हणजे डोळा. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात ‘यो अस्याध्यक्षः परमे व्योमन्’, वरून पाहणारा. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चं दुसरं अधिकरण (भाग) ‘अध्यक्षप्रचार’. त्यात शेतीवर सीताध्यक्ष, दारूवर सुराध्यक्ष, नौकांवर नावध्यक्ष. सगळे नजर ठेवणारे, मालक कुणीच नाही. इंग्रजांनी या पदाला ‘बोलणारा’ (स्पीकर) म्हटलं, कारण तो राजापुढे सभागृहाच्या वतीने बोले. चर्चेत तो तोंड उघडत नाही. आपला शब्द कामाला जास्त चपखल बसतो, असं माझं ठाम मत. ‘सभापती’ही काही कालचा नाही : यजुर्वेदातल्या रुद्रात ‘नमः सभाभ्यः सभापतिभ्यश्च’ आहेच. पण तो पती, धनी.

आणि हो, मावळंकर आडनावाचा पुण्याच्या मावळाशी संबंध जोडू नका. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराकडच्या मावळंगे गावावरून आलंय.