पायांची वळवळ आणि उडालेली झोप

"मॅडम, झोपेची गोळी एकदा सुरू केली की जन्माची मागं लागते म्हणतात, खरं का?"

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. यावेळी विचारणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या, घरगुती भडंगाचा व्यवसाय करणाऱ्या (ओळखीचे तपशील बदलले आहेत). रात्री दोन-दोनपर्यंत जाग. मुलीचं लग्न तोंडावर, म्हणजे काळजीनंच झोप उडाली असणार, असं मी धरून चालले. दोन भेटी लग्नखर्चावर बोलण्यात गेल्या. चूक माझीच.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "अंथरुणाला पाठ टेकली की नेमकं काय होतं?"

"पायात किडे वळवळल्यागत होतंय बघा. उठून दोन फेऱ्या मारल्या की बरं. पडलं की परत तेच."

"आणि दिवसा?"

"कढईपुढं उभी असते तवा काहीच नाही."

दमलेल्या पायांना पडल्यावर आराम मिळतो. इथे सगळं उलटं. डॉक्टर याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. तो काही गप्पांनी जात नाही, म्हणून फिजिशियनकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ठीक निघालं, पण लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 14. या आजारात ते 75 च्या वर न्यायला बघतात. शिवाय झोप लागावी म्हणून ताई सर्दीवरची गुंगी आणणारी गोळी घेत होत्या. तिनं ही वळवळ वाढू शकते! ती बंद झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहाच्या वेळा टाळून.

दोन-तीन महिन्यांत पाय शांत झाले. झोप मात्र आलीच नाही, कारण आता अंथरुणाचीच धास्ती बसली होती. हे मात्र माझं काम. पंधरा दिवस झोपेची नोंद ठेवायला सांगितली: अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच. मग अंथरुणाची वेळच सहा तासांवर आणली, साडेअकरा ते साडेपाच. झोप येईना तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, घड्याळ बघायचं नाही. पहिल्या आठवड्यात ताई वैतागल्या, "होती ती झोपही काढून घेतली की तुम्ही!" पुढे झोप सलग होत गेली तशी आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं वाढवली.

गोळीचं म्हणाल, तर काही गोळ्या महिनोन् महिने घेतल्या की सवय लागते आणि त्या मनानं एकदम बंदही करायच्या नसतात. जुनाट निद्रानाशावर आधी ही झोपेच्या सवयी बदलण्याची पद्धत वापरतात. ताईंना गोळी लागलीच नाही.

शेवटच्या भेटीत त्या हसत म्हणाल्या, "आता ह्यांचं घोरणंसुद्धा ऐकू येत नाही. आधी घोरता घोरता श्वास थांबायचा त्यांचा, मी मोजत बसायची."

मी पेन परत उघडलं. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."