थायरॉईडचा कॅन्सर हाडात गेलाय, आयोडीनच्या डोसने बरा होईल का? (आईसाठी, जळगाव)

पूर्ण बरा होणं अवघड असतं, पण पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर प्रकार असेल तर बरीच वर्षं आटोक्यात राहू शकतो. मेड्युलरी असेल तर आयोडीनचा उपयोग नाही.

आधी पूर्ण थायरॉईड काढावी लागते, नाहीतर औषध हाडाऐवजी उरलेली ग्रंथीच शोषून घेते. मग रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीन), साधारण 100 ते 200 मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). त्याआधी टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन, रक्तात तपासतात) 30 च्या वर हवा आणि एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार. इथेच आपल्याकडे घोळ होतो: घरात बिनआयोडीनचं मीठ आणतात आणि ताटात आयोडीनच्या मिठातली बाजारची शेव तशीच राहते. कळण्याची भाकरी, भरीत चालेल, पण घरच्या बिनआयोडीनच्या मिठातलं. सैंधवाच्या पुडीवरही ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का बघा. दूध, अंडी, मासे बंद. नुकताच कॉन्ट्रास्ट (आयोडीन असलेलं रंगद्रव्य) देऊन सीटी झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस दीड-दोन महिने पुढे जातो.

दुखऱ्या हाडाला शेक (रेडिएशन) देतात. हाडं टिकवायला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड 4 मिग्रॅ. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कॅल्शियम आणि दात तपासून घ्याच. किडलेला दात नंतर उपटला तर जबड्याचं हाड सडू शकतं. आयोडीन लागूच पडत नसेल तर लेनव्हॅटिनिबसारख्या गोळ्या असतात, त्यात बीपी रोज मोजायचा.

पाठीच्या मणक्यात गाठ असून पायात मुंग्या, अशक्तपणा आला किंवा लघवी अडली, तर मुंबईच्या हॉस्पिटलच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जळगावातच एमआरआय करा.