चित्रपटांच्या वेडाचा मांगा (जपानी कॉमिक्स) कलाकाराच्या कामावर नेमका काय परिणाम होतो?

सिनेमावेडा मांगा कलाकार तात्सुकी फुजिमोतोचं 'गुडबाय एरी' (2022) वाचा, उत्तर पानोपानी दिसेल. आजारी आईच्या सांगण्यावरून तिचं शूटिंग करणाऱ्या मुलाची ही गोष्ट. बहुतेक पानांवर एकाखाली एक चार आडव्या चौकटी आहेत, आडव्या धरलेल्या मोबाइलच्या स्क्रीनसारख्या. मुलाचा हात हलला की चित्रही धूसर होतं. काही ठिकाणी सलग चौकटींत जवळपास काहीच बदलत नाही, फक्त चेहऱ्यावरचे भाव किंचित हलतात. सिनेमातला लांबलेला शॉट कागदावर असा उतरतो! आणि वाचताना सतत शंका येते: हे खरंच घडतंय, की त्यानं चित्रित केलेलं दृश्य आहे? ही फसगत मला फुजिमोतोची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

त्याच्या इतर मांगांच्या कथानकांतही सिनेमा येतोच. 'फायर पंच'मध्ये तोगाता या सिनेमावेड्या पात्राला सूडाने पेटलेल्या नायकावरच चित्रपट काढायचा असतो. 'चेनसॉ मॅन'मध्ये माकिमा ही वरिष्ठ नायक डेंजीला दिवसभर एकामागून एक सिनेमे दाखवते. बाकी सगळे कोरडे जातात, शेवटच्या सिनेमातल्या एका दृश्याला मात्र दोघंही रडतात.

सुरुवात 'गुडबाय एरी'पासूनच करा, एका बैठकीत वाचून होतं.