बाराला नको, गेट उघडताना या

प्रश्न : मी, माझे ७४ वर्षांचे वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा असे तिघं पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जुन्या लढाऊ विमानांचा एअर शो पाहायला जायचं म्हणतोय. जाहिरातीत दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ स्पिटफायर आणि बॉम्बफेकी लँकॅस्टर आहेत. उड्डाणं दुपारी सुरू होणार आहेत, तेव्हा बाराच्या सुमारास पोचलो तर चालेल का? शनिवार बरा की रविवार? वडिलांना फार चालवत नाही, पण लँकॅस्टर जवळून बघायचं त्यांनी मनात धरलंय.

उत्तर : बाराला पोचलात तर निम्मा शो बुडाला समजा, आणि माझ्या मते चांगला निम्मा. माझी हयात विमानांच्या इंजिनांत हात काळे करण्यात गेली, तेव्हा मी थोडा पक्षपाती आहेच. पण जुनं विमान एकदा वर गेलं की काही मिनिटांचा मामला असतो. तेच विमान सकाळी तुमच्या पुढ्यात उभं असतं, पत्र्यावरचे रिवेट मोजता येतील इतक्या जवळ. इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या विमान-संग्रहालयासारख्या ठिकाणी उड्डाणांआधी विमानांच्या रांगेतून फिरायला मिळतं. त्याला वेगळे पैसे पडले तरी द्या. उड्डाणांची वेळ जवळ आली की तो भाग बंद होतो, म्हणून सकाळची घाई.

त्या रांगेत गोल तोंडाचं विमान शोधा. त्याचं इंजिन रेडियल, म्हणजे सिलिंडर मधल्या दांड्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे लावलेले. विमान उभं राहिलं की वंगण झिरपत तळाच्या सिलिंडरांत साचतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून मेकॅनिक आधी पंख्याचं एकेक पातं हाताने ओढून इंजिन फिरवून घेतात. ते तोंडाने पाती मोजत असतात; मुलालाही मोजायला लावा. पातं मध्येच अडलं तर ते जोर लावत नाहीत. तळाच्या सिलिंडरचा प्लग काढून तेल बाहेर सोडतात. सगळं ठीक असलं की मग स्टार्टर. पाती रेंगाळत फिरतात, एखादा सिलिंडर खोकतो, मग दुसरा, आणि निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघतो. घाबरू नका, उरलंसुरलं तेल जळतंय. अग्निशामक धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. तो निवांत असेल तर आपणही निवांत राहावं.

स्पिटफायरची तऱ्हा वेगळी. त्यातलं मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं आणि पाण्यावर थंड होणारं. रेडिएटर पंखांखाली असतात. जमिनीवर त्यांना पुरेसा वारा मिळत नाही, तापमान भराभर चढतं, आणि वैमानिकाला लवकर उडण्याची घाई असते. नाक एवढं लांब की समोरचं दिसत नाही, म्हणून विमान डावीकडे-उजवीकडे वळत, नागमोडी चालत धावपट्टीकडे जातं. स्पिटफायर सुरू झालं की जागचे हलू नका. परत याल तोवर ते गेलेलं असेल.

आता लँकॅस्टर. वडिलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी हिरमोड व्हायला नको. ७,३७७ लँकॅस्टर बनली, त्यातली उडणारी आज जगात दोनच. एक कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयाचं, दुसरं ब्रिटिश हवाई दलाच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटचं, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीचं. ब्रिटनमधलं विमान कॉनिंग्जबीच्या तळावरून येतं आणि बहुतेक शोमध्ये न उतरताच परत जातं. जाहिरातीत नाव आहे म्हणजे ते मैदानावर उभं असेल असं नाही. कार्यक्रमपत्रिकेत बघा : विमान तिथूनच उडणार आहे, नुसतं वरून जाणार आहे, की फक्त मांडून ठेवलेलं आहे? वडिलांना खरंच जवळून बघायचं असेल तर शोच्या आधी किंवा नंतर एक वेगळा दिवस काढा. डक्सफर्डच्या संग्रहालयात न उडणारं एक लँकॅस्टर आहे. लंडनमध्ये हेंडनला रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातही आहे. तिथे गर्दी कमी आणि चालणंही बेताचं.

शनिवार की रविवार? शनिवार, आणि जमलं तर रविवार मोकळा ठेवा. या विमानांपैकी बहुतेकांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागे पडतो, त्यामुळे आडवा वारा आला की शेपूट पुढे यायला बघतं. वाऱ्याची मर्यादा ओलांडली की विमान उडवत नाहीत, तिकिटं कितीही खपलेली असोत. ओल्ड वॉर्डनच्या विमानतळावर शटलवर्थ या जुन्या विमानांच्या संग्रहातलं १९०९ चं ब्लेरिओ तर वारा जवळजवळ पडल्याशिवाय बाहेरच काढत नाहीत. वाऱ्याखेरीज इतर कारणंही असतात. मे २०२४ मध्ये एका स्पिटफायरच्या अपघातात वैमानिकाचा मृत्यू झाला, तेव्हा मेमोरियल फ्लाइटची सगळीच विमानं काही काळ जमिनीवर होती. एकाच विमानावर सगळी सहल बेतू नये, ती एवढ्यासाठी.

बाकी किरकोळ. डक्सफर्डला प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला बसतात, म्हणजे ऊन समोरून. वडिलांसाठी घडीची खुर्ची आणि मोठ्या काठाची टोपी हवी. मुलाला कान झाकणारे इअरमफ घ्या. जेट आलं की कापसाच्या बोळ्यांनी काही होत नाही. आणि त्याला एक कामगिरी द्या. काळे क्रॉस रंगवलेलं मेसरश्मिट (महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान) दिसलं की धुराची नळकांडी नाकाच्या वरच्या बाजूला आहेत की खाली, ते बघायचं. खाली असतील तर जर्मन इंजिन, कारण ते उलटं बसवलेलं असतं. वर असतील तर ते स्पेनमध्ये बनलेलं बुचॉन, आणि त्याच्या पोटात चक्क इंग्लिश मर्लिन. मेसरश्मिट ज्याच्याशी लढलं त्याचंच इंजिन! मोठमोठ्यांना हे ओळखता येत नाही.

प्रश्न : तिकीट महाग वाटतं. विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरूनही सगळं दिसतं म्हणतात. तसं पाहिलं तर काय बिघडतं?

उत्तर : पैशांचं सोडा. २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या शोत एक जुनं हॉकर हंटर जेट लूप, म्हणजे हवेतली उभी गोल कोलांटी, पुरा करू शकलं नाही आणि बाहेरच्या हमरस्त्यावर कोसळलं. अकरा माणसं गेली, सगळी कुंपणाबाहेरची. काही नुसती रस्त्याने चालली होती, काही शो बघत उभी होती. आतल्या प्रेक्षकांपासून विमान किती लांब ठेवायचं, त्यांच्या दिशेने कुठली कसरत करायची नाही, याचे नियम असतात. तो हिशेब मुख्यतः आत बसलेल्यांचा असतो. धावपट्टीच्या टोकाच्या सरळ रेषेतला रस्ता ही तर सगळ्यात वाईट जागा. तिकीट परवडत नसेल तर शो नसलेल्या दिवशी संग्रहालयात जा. उडताना दिसणार नाहीत, पण इंजिनावरचं झाकण काढलेलं एखादं सापडलं तर तासभर कुठे जाईल कळणार नाही.

प्रश्न : माझ्या फोटोंत पंख्याची पाती गोठलेली दिसतात. विमान दोरीने टांगल्यासारखं वाटतं.

उत्तर : शटर फार वेगवान ठेवताय. पंख्याच्या विमानाला १/१२५ ते १/२०० सेकंदाच्या आसपास या आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत, न थांबता बटण दाबा. बरेच फोटो हलतील, ते गृहीतच धरा. जेटला पंखा नाही, तिथे बेलाशक १/१००० लावा. भर दुपारी धावपट्टीवरून तापलेली हवा लहरत असते, लांबचा फोटो कितीही भारी लेन्सने काढला तरी विरघळल्यासारखा येतो. जमिनीवरचे फोटो सकाळी उरकून घ्या. आणि बॅटरी दोन न्या.