आकाशातले धुळीचे ठिपके आणि ते काढल्यावर उरणारा धब्बा

प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी राखाडी ठिपके येतात, लेन्स पुसूनही जात नाहीत आणि फोटो-एडिटिंगमधला हीलिंग ब्रश (डाग झाकणारं टूल) फिरवला की तिथे धब्बा उरतो, असं तुम्ही लिहिलंय. ठिपक्यांची जागा बदलत नाही, म्हणजे धूळ सेन्सरवर, कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या भागावर आहे. नेमकं सांगायचं तर सेन्सरपुढच्या काचेच्या फिल्टरवर. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा बारीक कण सहसा फोटोत उमटतच नाही.

आधी धब्ब्याचं बघू, कारण बहुतेक जण तिथेच अडतात. ठिपक्याचा मधला भाग गडद असतो, पण भोवती फिकट सावलीची कडा असते. ब्रश फक्त गडद भाग झाकेल एवढाच घेतला, तर त्याचा काठ त्या सावलीवर पडतो. हीलिंग ब्रश भोवतालचा उजेड आणि रंग काठावरूनच उचलतो, म्हणून ठिपका गेला तरी करडेपणा तसाच राहतो. वर्तुळ सावलीच्या किंचित बाहेर जाईल इतकं मोठं ठेवा, त्याहून मोठं नको. फोटोशॉपमध्ये या ब्रशचा हार्डनेस (कडेचा टणकपणा) जास्तच ठेवा. कडा मिसळण्याचं काम टूल स्वतः करतं, मऊ ब्रशने ती जागा उगाच गुळगुळीत दिसते. काम मूळ फोटोवर न करता वरच्या रिकाम्या लेयरवर करा आणि सॅम्पलमध्ये ‘करंट अँड बिलो’ निवडा.

ठिपका डोंगराच्या कडेला, तारेला किंवा इमारतीला लागून असेल तर हीलिंग नकोच. ते शेजारचा काळोख आकाशात ओढून आणतं. तिथे क्लोन स्टॅम्प (एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे लावणारं टूल) वापरा आणि नमुना त्याच उंचीवरच्या आकाशातून घ्या, कारण आकाशाचा उजेड वरून खाली सतत बदलत असतो. वरचा नमुना खाली लावला की ठिगळ लगेच ओळखू येतं.

ठिपके शोधताना झूम १०० टक्के हवा. लाइटरूम क्लासिकमध्ये ‘व्हिज्युअलाइज स्पॉट्स’ (ठिपके उठावदार दाखवणारा पर्याय) चालू करा, होम दाबून वरच्या डाव्या कोपऱ्यात जा आणि पेज डाउन दाबत राहा. एकही तुकडा सुटत नाही. डीहेझ (धुकं कमी करणारं) किंवा क्लॅरिटी (उठाव वाढवणारं) स्लायडर वाढवलं की लपलेले ठिपके वर येतात, त्यामुळे त्यानंतर पुन्हा एक फेरी मारा. एकाच मालिकेतल्या फोटोंना ही दुरुस्ती सिंक करता येते, पण नंतर प्रत्येक फोटो बघावाच लागतो: एका फोटोत नमुन्याच्या जागी आकाश असतं, दुसऱ्यात झाडाची फांदी.

आता मूळ धूळ. लेन्सचं छिद्र मोठं असताना, म्हणजे एफ/२.८ ला, कणाची सावली पसरून विरून जाते, छिद्र बारीक असताना, म्हणजे एफ/१६ ला, ती लहान आणि ठळक होते, म्हणून तपासणी एफ/१६ किंवा एफ/२२ ला. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, पांढरा कोरा कागद, मॅन्युअल फोकस मुद्दाम बिघडवलेला. शटर एक-दोन सेकंद उघडं असताना कॅमेरा हलवा. कागदाचा पोत पुसला जातो, धूळ मात्र जागीच राहते.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. कॅमेऱ्यात सेन्सर साफ करण्याचा मोड लावा, लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. नळी आत घालू नका. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. दाबाच्या हवेचा डबाही नको, त्यातला द्रव काचेवर डाग पाडतो. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो. समोरून पाहताना डावं-उजवं मात्र तेच राहतं.

चिकटलेला कण हवेने हलला नाही तरच ओला स्वॅब (सेन्सर पुसायची सपाट काडी). मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४ मिमी रुंदीचा, लहान सेन्सरच्या एपीएस-सीला १६ मिमीचा. द्रावाचे एक-दोन थेंबच. जास्त झाले की कडेला ओघळ सुकून नवे डाग पडतात. एका बाजूने सलग एकदा, स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने परत, मग तो टाकून द्या. तोच पुन्हा फिरवला तर पकडलेला कण काच ओरखडू शकतो.

पुन्हा चाचणी घ्या. एफ/२२ ला कोपऱ्यात एखादा फिकट ठिपका उरला आणि तुम्ही एरवी एफ/८ च्या आसपासच काम करत असाल, तर त्यासाठी दुसरा स्वॅब काढू नका.